अर्देशीर कर्सेटजी वाडिया

अर्देशीर कर्सेटजी वाडिया (जन्म : मुंबई, ६ ऑक्टोबर १८०८, मृत्यू : रिचमंड, इंग्लंड, १६ नोव्हेंबर १८७७) हे एकोणिसाव्या शतकातील जहाजबांधणीतज्ज्ञ आणि आगबोटींच्या यंत्रांचे अभियंते होते. लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळालेले ते पहिले भारतीय होत. २७ मे १८४१ रोजी त्यांची ही निवड झाली. त्याच वर्षी १ एप्रिलपासून ते ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई येथील वाफेच्या यंत्रांच्या कारखान्याचे मुख्य अभियंता आणि यंत्रनिरीक्षक म्हणून काम पाहू लागले होते. युरोपीय कारागिरांवर अधिकारी म्हणून नेमल्या गेलेल्या पहिल्या भारतीय अभियंत्यांत त्यांची गणना होते.

शिडांच्या जहाजांसाठी नावाजलेल्या घराण्यात जन्मूनही त्यांनी आयुष्य वेचले ते वाफेच्या यंत्रासाठी. यंत्र तयार करणे, ते बोटीत बसवणे आणि खाऱ्या पाण्यात ते वर्षानुवर्षे चालते ठेवणे अशी तिन्ही अंगे त्यांच्या कामाला होती. पहिल्या दोन अंगांची नोंद इतिहासात ठळकपणे झाली आहे. नोकरीतील सोळा वर्षे मात्र बव्हंशी तिसऱ्या अंगाला, म्हणजे यंत्रांची देखभाल आणि दुरुस्ती यांना द्यावी लागली.

घराणे आणि बालपण

वाडिया हे आडनाव जहाजबांधणीच्या व्यवसायावरून आलेले आहे. घराण्याचे मूळ पुरुष लवजी नसरवानजी वाडिया हे सुरतेचे कुशल सुतार. १७३५-३६ च्या सुमारास कंपनीच्या बोलावण्यावरून ते आपल्या सहकारी कारागिरांसह मुंबईस आले आणि त्यांनी येथील गोदीच्या कामास आरंभ केला. मुंबईची पहिली कोरडी गोदी १७५० मध्ये बांधून झाली. भरतीच्या पाण्याबरोबर जहाज आत घ्यायचे, दरवाजे लावून पाणी काढून टाकायचे आणि तळ कोरडा करून त्याची दुरुस्ती करायची, अशी या गोदीची रचना असे. तिच्यामुळे मुंबईच्या जहाजबांधणीचा पाया पक्का झाला. पुढे १८१० मध्ये डंकन गोदीची भर पडली.

गोदीच्या मुख्य सुताराचे पद या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. मलबारी सागवानाची त्यांची जहाजे ओकच्या लाकडाच्या इंग्लिश जहाजांपेक्षा अधिक काळ टिकत. त्यामुळे ब्रिटिश नौदलानेही आपली जहाजे मुंबईत बांधून घेतली. १८१३ मधील कॉर्नवॉलिस आणि १८१७ मधील ट्रिंकोमाली ही त्यांतील प्रसिद्ध नावे होत. १८४२ चा नानकिंगचा तह कॉर्नवॉलिस जहाजावर झाला. ट्रिंकोमाली आज इंग्लंडमधील हार्टलपूल येथे जतन केलेली असून ती अद्याप पाण्यावर तरंगते आहे.

अर्देशीर यांचे वडील कर्सेटजी रुस्तमजी हेही मुंबई गोदीत मुख्य जहाजबांधणीकार होते. घरच्या परंपरेनुसार अर्देशीर १८२२ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, गोदीत उमेदवार म्हणून रुजू झाले. लाकडाची पारख, तासकाम, सांगाड्याची आखणी आणि फळ्यांची जोडणी हे सारे त्यांनी तेथे प्रत्यक्ष कामातून आत्मसात केले.

वाफेच्या यंत्राची ओढ

अर्देशीर यांच्या उमेदवारीच्या काळातच शिडाच्या जहाजाला आगबोटीचा स्पर्धक निर्माण झाला. मुंबई गोदीत बांधलेली ह्यू लिंडसे ही आगबोट १८२९ मध्ये पाण्यात उतरली. २० मार्च १८३० रोजी ती मुंबईहून निघाली आणि २२ एप्रिल रोजी सुएझला पोहोचली. प्रवासासाठी इतका कोळसा लागणार होता की, कोठारे पुरली नाहीत आणि इतर मोकळ्या जागाही कोळशाने भराव्या लागल्या. मोसमी वाऱ्यांची वाट न पाहता तांबड्या समुद्रापर्यंत जाता येते, हे या सफरीने सिद्ध झाले. मुंबई आणि इंग्लंड यांमधील टपालाचा मार्ग त्यामुळे बदलू लागला.

मात्र या बोटीचा सांगाडा मुंबईचा असला, तरी तिची यंत्रे इंग्लंडहून आलेली होती. यंत्र बिघडले तर ते दुरुस्त करणारा माणूसही तिकडूनच येत असे. लाकूडकामात कोणापुढेही हार न जाणारे मुंबईचे कारागीर या नव्या विद्येच्या बाबतीत परावलंबी होते. ही उणीव भरून काढण्याचे काम अर्देशीर यांनी स्वतःच्या खर्चाने हाती घेतले. माझगाव येथील आपल्या निवासस्थानी त्यांनी ओतशाळा उभारली आणि एका अश्वशक्तीचे छोटे बाष्पयंत्र स्वतः तयार केले.

१८३३ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, त्यांनी इंडस नावाची ६० टनांची समुद्रगामी बोट बांधून पाण्यात उतरवली. पुढे या बोटीत बाष्पयंत्र बसवण्यात आले. आकाराने ती लहान होती. तथापि एका भारतीयाने स्वतःच्या योजनेने बोट बांधून ती वाफेवर चालवण्याचे धाडस केले, म्हणून तिचे महत्त्व मानले जाते. रॉयल सोसायटीच्या सदस्यत्वासाठी अर्देशीर यांचे नाव सुचवताना याच बोटीचा आवर्जून उल्लेख झाला.

माझगावातील गॅसचे दिवे

१८३४ मध्ये अर्देशीर यांनी माझगाव येथील आपला बंगला आणि बाग गॅसच्या दिव्यांनी उजळून दाखवली. त्या प्रसंगी मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर अर्ल ऑफ क्लेअर उपस्थित होते. कोळसा बंद भांड्यात तापवून निघालेला वायू शुद्ध करायचा आणि नळ्यांवाटे दिव्यांपर्यंत न्यायचा, अशी या दिव्यांची पद्धत होती. मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे सार्वजनिक दिवे लागण्यास १८६५ साल उजाडले. त्याच्या तीन दशके आधी केलेला हा प्रयोग अर्देशीर यांच्या प्रयोगशील वृत्तीचा निदर्शक आहे. शिवणयंत्र, छायाचित्रण आणि विजेच्या साहाय्याने धातूचा मुलामा देण्याची क्रिया यांची मुंबईला ओळख करून देण्याचे श्रेयही त्यांना दिले जाते.

१८३७ मध्ये ते रॉयल एशियाटिक सोसायटीचे अनिवासी सदस्य झाले.

इंग्लंडचा प्रवास

आगबोटींच्या यंत्रांचा सखोल अभ्यास करण्यासाठी अर्देशीर १८३९ मध्ये इंग्लंडला गेले. सुएझचा कालवा त्या वेळी झालेला नव्हता. त्यामुळे तांबड्या समुद्राने सुएझपर्यंत जाऊन तेथून इजिप्तची भूमी ओलांडायची आणि भूमध्य समुद्रात पुन्हा जहाज पकडायचे, असा त्यांचा मार्ग होता. सुमारे वर्षभर ते तेथे राहिले. यंत्रांचे कारखाने, ओतशाळा आणि गोद्या त्यांनी पाहिल्या. या प्रवासाची आणि वास्तव्याची इंग्रजी दैनंदिनी १८४० मध्ये लंडन येथे प्रसिद्ध झाली. भारतीयाने लिहिलेल्या आरंभीच्या इंग्लंड-प्रवासवर्णनांत तिचा समावेश होतो.

वाडिया घराण्यातील जहांगीर नवरोजी आणि हिरजीभाई मेहरवानजी हे दोन तरुण जहाजबांधणी शिकण्यासाठी १८३८ मध्येच इंग्लंडला गेले होते. त्यांचा विषय जहाजाचा सांगाडा हा होता, तर अर्देशीर यांचा विषय त्या सांगाड्याच्या पोटात बसणारे यंत्र हा होता. एकाच घराण्यातील माणसांनी वाटून घेतलेल्या या अभ्यासावरून लाकूड आणि लोखंड यांच्या संधिकाळाची कल्पना येते.

इंग्लंडमधील वास्तव्यात अर्देशीर यांचा तेथील शास्त्रज्ञ आणि अभियंते यांच्याशी परिचय झाला. स्थापत्य अभियंत्यांच्या लंडन येथील संस्थेनेही त्यांना सहसदस्य करून घेतले.

रॉयल सोसायटीचे सदस्यत्व

अर्देशीर यांचे नाव सुचवणाऱ्यांमध्ये सोसायटीचे तत्कालीन अध्यक्ष मार्क्विस ऑफ नॉर्दॅम्प्टन यांचा समावेश होता. जहाजबांधणीचे शास्त्र आणि प्रत्यक्ष काम या दोहोंतील त्यांची गती, इंडस बोटीची बांधणी आणि मुंबईत गॅसच्या दिव्यांचा प्रारंभ ही निवडीची प्रमुख कारणे होती. निवड झाली तेव्हा ते ३२ वर्षांचे होते आणि मुंबईस परतून नव्या पदावर रुजू झालेले होते.

यानंतरचे भारतीय सदस्य म्हणजे गणिती श्रीनिवास रामानुजन. त्यांची निवड १९१८ मध्ये, म्हणजे तब्बल ७७ वर्षांनी झाली. पहिले भारतीय सदस्य म्हणून अनेकदा रामानुजन यांचेच नाव घेतले जाते. तो मान कालक्रमाने अर्देशीर यांच्याकडे जातो.

वाफेच्या कारखान्याचे मुख्य अभियंता

१ एप्रिल १८४१ रोजी अर्देशीर यांनी कंपनीच्या मुंबई येथील वाफेच्या यंत्रांच्या कारखान्याची आणि ओतशाळेची सूत्रे हाती घेतली. त्यांचे वेतन दरमहा ६०० रुपये होते. त्यांच्या हाताखाली एक मुख्य साहाय्यक, चार युरोपीय मुकादम, सुमारे १०० युरोपीय अभियंते व बॉयलर बनवणारे कारागीर आणि सुमारे २०० भारतीय कारागीर होते.

ही नेमणूक सर्वांच्या पचनी पडली नाही. इंग्रज कारागिरांनी भारतीय अधिकाऱ्याचे हुकूम मानावेत, ही कल्पनाच त्या काळी अनेकांना असह्य होती. मुंबईच्या इंग्रजी वृत्तपत्रसृष्टीतूनही या नेमणुकीवर टीका झाली. भारतीय मनुष्य कितीही शिकलेला असला, तरी इतक्या युरोपीयांवर हुकमत चालवण्यास तो योग्य नाही, असा तिचा रोख होता. अर्देशीर या पदावर १८५७ पर्यंत राहिले. सोळा वर्षांची ही सलग कारकीर्द हे त्या आक्षेपाला मिळालेले उत्तर मानता येते.

कारखान्याकडे कंपनीच्या आगबोटींची यंत्रे दुरुस्त करणे, झिजलेले भाग नव्याने ओतणे आणि बॉयलर तपासणे ही कामे असत. सिंधूसारख्या नद्यांतून चालणाऱ्या लहान लोखंडी आगबोटींचे सुटे भाग इंग्लंडहून येत व ते मुंबईत जोडले जात. तांबडा समुद्र आणि इराणचे आखात येथे जाणाऱ्या बोटींनाही आधार मुंबईचाच होता. वाटेत यंत्र बंद पडले, तर शेकडो मैलांच्या परिसरात दुसरा कारखाना नव्हता. त्यामुळे बंदर सोडण्यापूर्वी झालेल्या तपासणीवर जहाजाचे, त्यातील टपालाचे आणि माणसांचे भवितव्य अवलंबून असे.

बोटीच्या यंत्राची निगा : मीठ, गाळ आणि गोठण

अर्देशीर यांच्या कामाचे स्वरूप समजण्यासाठी त्या काळच्या यंत्रांची रचना ध्यानात घ्यावी लागते. १८४० च्या दशकातील आगबोटींचे बॉयलर सामान्यतः समुद्राच्याच पाण्यावर चालत. वाफेचा दाब वातावरणाच्या दाबापेक्षा थोडासाच अधिक असे. सिलिंडरमध्ये दट्ट्या ढकलून झाल्यावर वाफ संघनकात जाई. तेथे तिच्यावर थंड समुद्राच्या पाण्याचा फवारा सोडून तिचे पुन्हा पाणी केले जाई आणि हे मिश्र खारे पाणी बॉयलरला पुरवले जाई.

समुद्राच्या एक हजार लिटर पाण्यात साधारणपणे ३५ किलो क्षार असतात. पाण्याची वाफ होते, क्षार मात्र मागे राहतात. काही तासांतच बॉयलरमधील पाणी मूळ पाण्याच्या दोन-तीन पट खारट होई. त्यातच कॅल्शियम सल्फेट हा क्षार पाणी जसजसे तापते तसतसा कमी विरघळतो. म्हणून नेमक्या तापलेल्या पत्र्यावर त्याचा दगडासारखा थर बसतो. हा थर उष्णता नीट वाहू देत नाही. परिणामी कोळसा अधिक जळतो, पत्रा पाण्याने थंड न राहता लाल होतो, मऊ पडतो आणि अखेरीस फुगतो किंवा फुटतो.

यावर उपाय दोन होते. प्रवास चालू असताना ठराविक वेळाने तळाची तोटी उघडून खारट पाण्याचा काही भाग बाहेर सोडायचा आणि त्याजागी ताजे पाणी घ्यायचे, हा पहिला उपाय. त्यात तापवलेले पाणी, म्हणजे पर्यायाने कोळसा, वाया जाई. म्हणून तोटी किती वेळाने उघडायची हा अनुभवाचा प्रश्न होता. बंदरात आल्यावर बॉयलर थंड करून रिकामा करायचा आणि माणसाने आत शिरून हातोडीने थर खरवडून काढायचा, हा दुसरा उपाय. वाफ आणि समुद्राचे पाणी एकमेकांत न मिसळणारा संघनक इंग्लंडमध्ये सॅम्युअल हॉल यांनी १८३४ मध्ये पेटंट केला होता. परंतु त्याचा सार्वत्रिक वापर १८६० नंतरच सुरू झाला. तोपर्यंत मुंबईच्या बोटींचे आयुष्य या दोन उपायांवरच विसंबून होते.

थंड प्रदेशात यंत्राला असलेला धोका निराळा असतो. गोठताना पाण्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. सिलिंडर, पंप किंवा नळी यांत पाणी साचून राहिले आणि ते गोठले, तर बिडाचा जाड भागही तडकतो, कारण बीड दाब सोसते पण ताण सोसत नाही. गोडे पाणी शून्य अंश सेल्सियसला गोठते, तर समुद्राचे पाणी उणे दोन अंशांच्या आसपास. यामुळे यंत्र बंद करून ठेवताना सखल भागांतील सर्व तोट्या उघडून पाणी पूर्णपणे काढून टाकणे, ही इंग्लंडसारख्या देशांत हिवाळ्याची आवश्यक खबरदारी असते. यंत्र चालू असेपर्यंत त्याची उष्णताच त्याचे रक्षण करते. खरा धोका ते थांबल्यानंतरच्या रात्री असतो. पाणी गोठू नये म्हणून त्यात ग्लायकॉल मिसळण्याची आजची पद्धत विसाव्या शतकात रूढ झाली. अर्देशीर यांच्या काळी यंत्र रिकामे करणे हाच खात्रीचा मार्ग होता.

मुंबईत ही भीती नव्हती. येथे बर्फ हीच मुळी आयात करण्याची वस्तू होती. १८३० च्या दशकापासून तो अमेरिकेतून जहाजाने येऊ लागला होता. येथील शत्रू मीठ आणि दमट हवा. असे असले तरी दोन्ही हवामानांतील मुख्य नियम एकच ठरतो : थांबलेल्या यंत्रात पाणी राहू देऊ नये. उत्तरेत ते गोठून बीड फोडते, तर कोकणात ते साचून लोखंड गंजवते.

अमेरिका आणि लवजी फॅमिली

१८४९ मध्ये अर्देशीर यांनी अमेरिकेचा प्रवास केला. तेथील लाकूड कापण्याची यंत्रे पाहून ते प्रभावित झाले आणि मुंबईसाठी त्यांनी ती मागवली. ज्या घराण्याने करवत आणि वाकस यांच्या बळावर नाव कमावले, त्याच घराण्यातील माणसाने लाकूडकामातही यंत्र आणावे, हे काळाच्या बदलाचे द्योतक होते.

फेब्रुवारी १८५१ मध्ये त्यांनी लवजी फॅमिली ही आगबोट पाण्यात उतरवली. तिच्या यंत्राचा प्रत्येक भाग माझगाव येथील त्यांच्या खाजगी ओतशाळेत तयार झालेला होता. ह्यू लिंडसेच्या वेळी मुंबईचा केवळ सांगाडा होता. २२ वर्षांनंतर सांगाडा आणि यंत्र ही दोन्ही मुंबईची झाली. मूळ पुरुषाचे नाव या बोटीला देऊन अर्देशीर यांनी आपल्या नव्या विद्येचे नाते जुन्या परंपरेशी जोडले.

ठाणे, कल्याण आणि वाफेचे युग

अर्देशीर कारखान्याचे प्रमुख असतानाच मुंबई परिसरात वाफेचे यंत्र जमिनीवरही धावू लागले. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे हा सुमारे ३४ किलोमीटरचा लोहमार्ग खुला झाला आणि १ मे १८५४ रोजी तो खाडी ओलांडून कल्याणपर्यंत पोहोचला. रेल्वेचे काम ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे या स्वतंत्र कंपनीकडे होते.

ठाणे आणि कल्याण ही दोन्ही मुळात खाडीवरची बंदरे. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी ताब्यात आल्यावर छत्रपती शिवाजी महाराजांनी याच खाडीच्या परिसरात आपल्या आरमारासाठी जहाजबांधणी सुरू केली होती. लोहमार्ग आल्यावर घाटमाथ्याकडील मालवाहतूक हळूहळू रुळांवर गेली. खाडीतील पडाव आणि मचवे मात्र त्यानंतरही दीर्घकाळ शिडावरच चालत राहिले. त्यांच्यात यंत्र आले ते विसाव्या शतकात, आणि तेही डिझेलचे. पावसाळ्यातील मासेमारी बंदीच्या काळात कोळी बांधव होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारतात, तेव्हा इंजिनातील खारे पाणी काढून ते गोड्या पाण्याने धुऊन ठेवतात. वाफेच्या काळातील निगेचा नियम या इंजिनांनाही लागू पडतो.

सिंधू नदीवरील काम

१ ऑगस्ट १८५७ रोजी अर्देशीर सेवानिवृत्त झाले आणि १८५८ मध्ये इंग्लंडला जाऊन लंडनजवळील रिचमंड येथे स्थायिक झाले. १८६१ मध्ये ते पुन्हा भारतात आले. सिंधू नदीत आगबोटी चालवणाऱ्या इंडस फ्लोटिला कंपनीचे अधीक्षक अभियंता म्हणून त्यांनी सिंधमधील कोटरी येथे काम पाहिले.

कराची ते कोटरी हा लोहमार्ग १८६१ मध्येच सुरू झाला होता. कोटरीपासून मुलतानपर्यंत माल आणि उतारू नेण्याचे काम आगबोटी करत. नदीचे पाणी गोडे असल्याने समुद्रातील क्षारांचा त्रास येथे कमी असे. पण सिंधूचे पाणी अतिशय गढूळ असते. तो गाळ बॉयलरच्या तळाशी बसतो आणि पंपांची झीज करतो. उन्हाळ्यात लोखंडी बोटीच्या पोटातील यंत्रघर भट्टीसारखे तापते. उलट पंजाबच्या बाजूला, मुलतानच्या परिसरात, डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा शून्याजवळ येतो आणि क्वचित दहिवरही गोठते. गोड्या पाण्यावर चालणाऱ्या यंत्राच्या उघड्या नळ्यांना आणि पंपांना अशा रात्री जपावे लागते. मीठ, गाळ आणि गोठण या तिन्ही शत्रूंचा विचार ज्याला करावा लागावा, असा हा जलमार्ग होता. आयुष्यातील अखेरच्या नोकरीसाठी अर्देशीर नेमके तेथे आले.

१८६३ मध्ये ते इंग्लंडला परतले. १८७८ मध्ये सिंधूकाठचा लोहमार्ग मुलतानच्या बाजूने पूर्ण झाल्यावर या नदीतील आगबोटींच्या वाहतुकीचे महत्त्व संपले.

कौटुंबिक जीवन आणि मृत्यू

अर्देशीर यांचे पहिले कुटुंब मुंबईत होते. पुढे मॅरियन बार्बर या इंग्रज स्त्रीबरोबर त्यांचा संसार झाला आणि त्यांना अपत्येही झाली. पारशी समाजाच्या तत्कालीन रूढींचा विचार करता हे पाऊल सोपे नव्हते. उत्तरायुष्य त्यांनी जन्मभूमीपासून दूर, रिचमंड येथेच घालवले. १६ नोव्हेंबर १८७७ रोजी वयाच्या ६९ व्या वर्षी तेथेच त्यांचे निधन झाले.

कार्याचे मूल्यमापन

अर्देशीर यांच्या नावावर एखादा मूलभूत वैज्ञानिक शोध नाही. दुसरीकडे विकसित झालेली विद्या मिळवून ती मुंबईच्या मातीत, मुंबईच्या कारागिरांच्या हाती रुजवणे हे त्यांचे कार्य होते. एका अश्वशक्तीच्या यंत्रापासून लवजी फॅमिलीच्या पूर्णपणे मुंबईत घडलेल्या यंत्रापर्यंतचा त्यांचा प्रवास १८ वर्षांच्या आतबाहेरचा आहे. त्यातील बरेचसे काम त्यांनी स्वतःच्या पैशाने आणि स्वतःच्या आवारात केले.

या प्रयत्नांतून मुंबईत आगबोटींच्या यंत्रांचा स्वतंत्र भारतीय उद्योग मात्र उभा राहिला नाही. लोखंडी जहाजे आणि वाढत्या दाबाची यंत्रे यांमुळे बांधणीचे केंद्र ब्रिटनकडे सरकले. सागवानी जहाजांची मागणी ओसरली आणि मुंबईच्या गोदीकडे प्रामुख्याने दुरुस्तीचे काम राहिले. त्या दुरुस्तीच्या कामातही भारतीय माणूस प्रमुखपदी राहू शकतो, हे अर्देशीर यांनी दाखवून दिले होते. त्यांच्यानंतर असे उदाहरण पुन्हा घडण्यास दीर्घ काळ जावा लागला. त्यांच्या कारकिर्दीचे यश आणि तिची मर्यादा ही दोन्ही या एका गोष्टीतून दिसतात.

स्मृती

भारतीय टपाल खात्याने २७ मे १९६९ रोजी अर्देशीर वाडिया यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. रॉयल सोसायटीवरील त्यांच्या निवडीची ही तारीख होय. अर्देशीर यांचा बंगला आणि ओतशाळा ज्या माझगावात होती, त्याच माझगावच्या गोदीत आज भारतीय नौदलाच्या युद्धनौका आणि पाणबुड्या बांधल्या जातात. वाडिया घराण्याने घडवलेल्या मुंबई गोदीच्या जुन्या दगडी कोरड्या गोद्याही नौदलाच्या ताब्यात असून त्या अद्याप वापरात आहेत.